सिंगल टाकीसाठी बॅकप्लेट

सांगलीहून मालवणला स्कूबा डाइव्हिंगसाठी गाडीनेच जायचं, विमानातल्या वजनाची काळजी नाही. तीन मिलिमीटर जाडीचा वेटसूट घालणार असशील तर बॅकप्लेट, म्हणजे पाठीवर टाकी बांधायची धातूची प्लेट, स्टीलची घे. ती साधारण अडीच-तीन किलोची, ॲल्युमिनियमची जेमतेम एक किलो. ॲल्युमिनियमची टाकी हवा संपत आली की वर ओढते; स्टील प्लेट ते सावरते आणि कमरेला बांधायचं शिशाचं वजन कमी होतं. नुसत्या पातळ टी-शर्टवर उतरणार असशील तर मात्र ॲल्युमिनियमच बरी.

टाकीचे दोन पट्टे थेट ओवता येतील अशा खाचा प्लेटला किंवा विंगला (प्लेट आणि टाकीमधल्या हवेच्या पिशवीला) आहेत का, ते बघ. नसतील तर वेगळा ॲडाप्टर लागतो. खांद्याचे पट्टे सूट घालूनच मापून घे, फार आवळू नकोस. आणि पहिल्या डाइव्हआधी, जवळपास रिकाम्या टाकीवर पाच मीटरला स्थिर राहता येतं का, हे नक्की तपास.