वाचकांचे प्रश्न : जखम कुठे झाली आहे, ते आधी पाहा

प्रश्न : आमच्या घरामागच्या वाडीत ११ गावरान कोंबड्या आणि ३ कोंबडे आहेत. मागच्या महिन्यात आठवडी बाजारातून ६ तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणून त्यांच्यात सोडल्या आणि तेव्हापासून खुराड्यात रोज रक्त दिसते. एका तलंगेची शेपटीजवळची पिसे उपटली गेली असून तिथले कातडे सोलले आहे. अंडी देणारी एक कोंबडी मागच्या बाजूने रक्तबंबाळ झाली आहे आणि दोन जुन्या कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडल्या आहेत. हळद आणि गोडे तेल लावले, तरी माशा बसतातच. चोची तापल्या विळ्याने डागा, असे शेजारचे सांगतात. काय करावे? – एक वाचक भगिनी, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, चोची कृपा करून डागू नका. परसातील कोंबडी दिवसभर माती उकरून दाणे, किडे आणि उदळी वेचते आणि अंगावरच्या उवाही चोचीनेच काढते. चोचीला टोकापर्यंत संवेदना असल्यामुळे डागलेली कोंबडी वेदनेने टिपणे सोडते आणि दाण्यांच्या राशीपाशी उभी राहूनही उपाशी राहते.

जखम शरीराच्या कोणत्या भागावर आहे, त्यावरून तिचे कारण बहुतेक वेळा कळते. तुमच्या पत्रात तीन वेगळ्या जागा आल्या आहेत आणि तुमच्या खुराड्यात तीन वेगळी कारणे एकाच वेळी एकत्र आली असावीत, असे मला वाटते.

पाठ उघडी पडलेल्या कोंबड्यांना चोचीने इजा झालेली नसून ती पाठीवर चढणाऱ्या नरांच्या नखांनी झाली असावी. ८ ते १० माद्यांमागे १ कोंबडा पुरेसा असतो. तुमच्याकडे तलंगा येण्यापूर्वी ११ माद्यांमागे ३ होते. एक ठेवून उरलेले दोन वेगळे करा किंवा विकून टाका आणि ठेवलेल्याच्या नखांची टोके कानशीने बोथट करा.

मागच्या बाजूने रक्त येणाऱ्या कोंबडीकडे आजच लक्ष द्यावे, कारण ही जखम सर्वांत घातक असते. तिला टॉवेलमध्ये गुंडाळून उजेडात पाहा. लाल, ओलसर गोळा बाहेर लोंबत असेल, तर ते मायांग (अंडे येण्याच्या मार्गाचा आतला भाग) बाहेर येणे आहे आणि इतर कोंबड्या त्या लाल रंगाकडे ओढल्या जाऊन तिथे टोचत आहेत. गोळा मिठाच्या पाण्याने स्वच्छ धुवा, साखरेच्या घट्ट पाण्यात भिजवलेले स्वच्छ फडके त्यावर काही मिनिटे धरा म्हणजे सूज उतरते, आणि मग खोबरेल तेल लावलेल्या स्वच्छ बोटाने तो हळूच आत सारा. पुढचा आठवडाभर तिला अंधाऱ्या, थंड जागी ठेवून उजेड रोज सुमारे ८ तासच मिळू द्या, म्हणजे अंडी देणे थांबून त्या भागाला विसावा मिळतो. गोळा काळा पडला असेल, आतडे दिसत असेल किंवा तो पुन्हा पुन्हा बाहेर येत असेल, तर घरगुती उपायात वेळ न घालवता पशुवैद्यकाकडे जा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

तलंगेची जखम धुण्यासाठी १ लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या आणि त्यात सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे दीड लहान चमचा, मीठ विरघळवा. जखमेभोवतीची पिसे कात्रीने आखूड करा. उपटू नका, त्याने नवे रक्त येते. पाण्याची धार सोडून घाण निघून गेल्यावर, फिकट चहाच्या रंगाइतके पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावा. कोरड्या झालेल्या जखमेवर जांभळे औषध, म्हणजे जेन्शन व्हायोलेट, लावल्यास लाल रंग झाकला जातो आणि इतर कोंबड्यांचे लक्ष तिकडे जात नाही. हळदीला माझा विरोध नाही, परंतु न धुतलेल्या जखमेवर हळद-तेलाचा थर दिला, तर घाण त्याखालीच अडकते. फिनाईल कोंबडीच्या पातळ कातडीतून शरीरात शोषले जाते आणि विषारी ठरते. जनावरांच्या जखमेत ते ओतण्याची सवय आपल्याकडे खोलवर रुजली आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

विदर्भातील उन्हाळ्यात माशांनी घातलेल्या अंड्यांतून एका दिवसातही अळ्या निघू शकतात. त्यामुळे जखम सकाळ-संध्याकाळ पाहा, कोंबडीला मच्छरदाणीच्या कापडाने झाकलेल्या डालग्यात ठेवा, आणि अळ्या दिसल्या तर चिमट्याने एकेक काढून पुन्हा धुवा. कुत्रा, मांजर किंवा मुंगसाने धरलेल्या कोंबडीची जखम वरून टाचणीएवढी दिसली, तरी आत खोल असते. तिला प्रतिजैविक लागते, ते पशुवैद्यकाने ठरवावे, आणि त्या काळातली अंडी किती दिवस खाऊ नयेत, हेही त्यांनाच विचारावे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका.

आता मूळ कारणाकडे येतो. कोंबड्यांत मानाचा एक क्रम असतो. नॉर्वेचे थोर्लेफ श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे शास्त्रीय वर्णन केले. नव्या तलंगा येताच हा क्रम मोडतो आणि तो पुन्हा बसेपर्यंत तुऱ्यावर टोच आणि पाठलाग चालतोच. तेवढ्याने घाबरू नये. शेपटीजवळचे कातडे सोलण्यापर्यंत गोष्ट गेली, म्हणजे दाटी, उष्णता, खाद्यातली उणीव किंवा अंगावरचे कीटक यांपैकी काहीतरी त्यात मिसळले आहे. पिसांच्या मुळाशी पांढरे पुंजके दिसतात का ते पाहा. ती उवांची अंडी असतात. रक्त पिणारे बारीक लाल कीटक मात्र दिवसा खुराड्याच्या फटींत लपतात, म्हणून रात्री बॅटरी लावून पाहावे. चुलीची राख आणि कोरडी माती एका जुन्या घमेल्यात ठेवली, की कोंबड्या स्वतःच लोळून अंग झाडतात. पाण्याची भांडी सावलीत आणि निदान दोन ठिकाणी ठेवा, कारण एकच भांडे असले, तर दुबळी कोंबडी दुपारभर तहानेली राहते. ५ माद्यांमागे अंडी घालण्यासाठी एक आडोशाची जागा द्या.

टोचणारी कोंबडी बहुतेक वेळा एखादीच असते. तिला ओळखून चार-पाच दिवस वेगळे ठेवा, म्हणजे परत आल्यावर तिचा आधीचा मान उरत नाही. जखमी तलंग मात्र पूर्ण बरी होईपर्यंत परत सोडू नका. आधी आठवडाभर जाळीपलीकडे दिसेल अशी ठेवा आणि मग रात्री अंधार पडल्यावर, शक्यतो दुसऱ्या तलंगेच्या सोबतीने, खुराड्यात सोडा.

प्रश्न : मी घरचे सोयाबीन भरडून ज्वारीत मिसळून देतो, तरी कोंबड्या एकमेकींची पिसे खातात. सरकीची ढेप दिली तर चालेल का? – एक शेतकरी वाचक, ता. मानोरा, जि. वाशीम

उत्तर : कच्च्या सोयाबीनमधील एक घटक प्रथिनांचे पचन अडवतो, त्यामुळे प्रथिने देऊनही ती कोंबडीला मिळत नाहीत. सोयाबीन आतपर्यंत खरपूस भाजून मग भरडा. ज्वारीत सुमारे १० टक्के आणि सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. म्हणून ४ भाग ज्वारी आणि १ भाग भाजलेले सोयाबीन घेतले, तर मिश्रण १६ टक्क्यांच्या आसपास येते आणि अंडी देणाऱ्या कोंबडीला साधारण तेवढेच लागते. पिसांसाठी मेथिओनिन हा प्रथिनांतला गंधकयुक्त घटक लागतो. तो सोयाबीनमध्ये कमी आणि तिळाच्या ढेपेत भरपूर असतो, म्हणून थोडी तिळाची ढेप मिसळावी. १ किलो खाद्याला ३ ग्रॅम मीठ घाला आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा.

सरकीची ढेप गाईम्हशींसाठीच राहू द्या. तिच्यातील गॉसिपॉल हा विषारी घटक कोंबडीला बाधतो आणि साठवलेल्या अंड्यांचे बलक हिरवट पडतात, मग बाजारात ती कोणी घेत नाही.

खाद्य सुधारल्यावर लगेच फरक दिसला नाही, तरी धीर धरा. मुळासकट उपटलेले पीस पुन्हा यायला सहा-सात आठवडे लागतात आणि कोवळ्या पिसात रक्त असल्यामुळे त्याच काळात इतर कोंबड्या तिथे पुन्हा टोचतात. अर्धवट तुटलेले पीस मात्र पुढच्या पीसगळीपर्यंत तसेच राहते.