दोन आठवडे बरं वाटलं, मग पुन्हा तेच का?

"ताई, ते दोन आठवडे मी कशी होते, सांगून पटणार नाही तुम्हाला. आणि आता परत तेच. सकाळी डोळे उघडले की छातीवर धोंडा. म्हणजे सगळं वाया गेलं का हो?"

मेलबर्नमध्ये माझ्यासमोर बसून वैशालीने हे विचारलं (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत), तेव्हा तिच्या सायलोसायबिनच्या उपचाराला सव्वीस दिवस झाले होते. हे उपचार घेतलेल्यांच्या मनात बहुधा सगळ्यात आधी हीच धास्ती बसते, म्हणून लिहिते आहे.

सायलोसायबिन हे काही विशिष्ट अळंब्यांमध्ये सापडणारं द्रव्य. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून खास परवानगी मिळालेले मनोविकारतज्ज्ञ ते नैराश्यासाठी देऊ शकतात, पण इतर औषधांनी गुण आला नसेल तरच. वैशालीची अकरा वर्षांत चार औषधं करून झाली होती. आधी तयारीच्या बैठका झाल्या, जुनी गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू बंद केली गेली. मग एक अख्खा दिवस. डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत, शेजारी दोन थेरपिस्ट. नंतरच्या बैठकाही त्यांच्याबरोबरच चालू होत्या. तरी ती माझ्याकडे आली. "मला दिसलं ते सगळं मराठीत होतं. त्यांना सांगताना भाषांतर करावं लागतं आणि त्यातला जीवच जातो."

तिला दिसलं होतं ते एवढंच: वाईच्या घरात आजी पाटावर बसून वाल सोलते आहे. आजी तिच्याकडे बघतही नव्हती. "पण मला शेजारी बसू दिलं होतं तिने." हे सांगताना ती इतकी रडली की पुढची दहा मिनिटं आम्ही दोघी गप्पच होतो. आजी गेली तेव्हा वैशाली नऊ वर्षांची होती. तिला शेजारच्यांकडे ठेवून मोठी माणसं घाटावर गेली होती.

त्या दिवसानंतर दोन आठवडे तिला गाढ झोप लागली, भाजीला चव लागली. त्याच भरात तिने नोकरीचा राजीनामा लिहून ठेवला, नवऱ्याला म्हणाली, "आपण वाईला परत जाऊ." पुण्याच्या नणंदेला फोनवर सगळं सांगितलं, तर तिकडून पहिला प्रश्न, "म्हणजे ड्रग्ज घेतलेस तू?" तो शब्द तिच्या मनात रुतून बसला होता.

मी तिला आधी आकडे सांगितले, कारण आपण एकटीच नापास झालो असं तिने धरून ठेवलं होतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत २३३ रुग्ण होते. २५ मिलिग्रॅमची मात्रा घेतलेल्यांपैकी ३७ टक्के लोकांचं नैराश्य तीन आठवड्यांनी निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरलं होतं. तो गुण बाराव्या आठवड्यापर्यंत टिकला तो ही मात्रा घेतलेल्या एकूण लोकांपैकी साधारण २० टक्के जणांत. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकलं नाही?"

नाही, तिचं काही चुकलं नव्हतं. पण "परत तेच" हेही मला पटेना. मी विचारलं, "काल दिवसभर काय केलंस?" अकरा तास ऑफिस. झोप यावी म्हणून दोन ग्लास वाइन. मग रात्री एकपर्यंत फोनवर दुसऱ्यांचे असेच अनुभव बघत बसणं आणि पहाटे उठून आजीला पुन्हा "आणायचा" प्रयत्न.

या उपचारानंतर काही दिवस मन ओल्या भिंतीसारखं असतं, जे टेकेल त्याचा ठसा उमटतो. अशा वेळी वाइन आणि जागरणं नकोत, गांजा तर मुळीच नको. निदान दोन-तीन महिने नोकरी, लग्न, घर यांबद्दल कुठलाही मोठा निर्णय नको. राजीनामा तिने ड्राफ्टमध्येच ठेवला. हा अनुभव कुणाला सांगायचा, यासाठी तिने दोनच माणसं निवडली: नवरा आणि एक मैत्रीण.

आणि अर्थ लावायची घाई नको. आजी का दिसली, त्यातून काय शिकायचं, हे ती रोज वहीत उकरत होती. मी वही आठवड्यातून एकदाच उघडायला सांगितली. बदल्यात हाताला काहीतरी काम दे, म्हटलं. काय, ते तिनेच ठरवलं. भारतीय दुकानातून वाल आणले, रात्रभर भिजवले, फडक्यात बांधून मोड आणले. मग कोमट पाण्यात घालून एकेक दाणा चिमटीत धरायचा, हलकंसं दाबलं की साल हातात राहते आणि डाळिंबी सुळकन वाटीत पडते. दोन वाट्या वाल सोलायला तिला पाऊण तास लागला. "त्या पाऊण तासात रडू आलं, पण धोंडा नव्हता," ती म्हणाली.

काही गोष्टींची मात्र वाट बघायची नसते. सलग दोन-तीन रात्री झोप नाही आणि तरी अंगात प्रचंड उत्साह, नसलेले आवाज ऐकू येणं, नजरेसमोरच्या आकृत्या आठवडे उलटले तरी न जाणं, जीव नकोसा वाटणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवायचं. इथे तातडीसाठी ०००, बोलण्यासाठी लाइफलाइन १३ ११ १४, आणि भारतात टेलिमानस १४४१६. वैशालीच्या नवऱ्याने हे नंबर फ्रिजवर चिकटवले आहेत.

भारतातले वाचक विचारतात, म्हणून सांगते. तिथे सायलोसायबिनवर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने बंदी आहे. कुणाच्या सांगण्यावरून डोंगरातल्या अळंब्या खाणं म्हणजे उपचार नव्हेत. त्यात सोबत कुणी नसतं, मात्रेचा भरवसा नसतो, चालू गोळ्यांशी काय होईल तेही कुणी पाहिलेलं नसतं. पण कुणी घेऊन बसलं असेलच, तर लाजेपोटी डॉक्टरांपासून लपवू नका. लपवलंत तर ते चुकीचं औषध देऊन बसतील.

गेल्या भेटीत वैशालीने बंद केलेल्या गोळीचा विषय काढला. ती पुन्हा सुरू करणं म्हणजे हरणं, असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, "चष्म्याचा नंबर बदलला तर आपण हरलो म्हणतो का?" ठरवणार मनोविकारतज्ज्ञच, पुढच्या गुरुवारी. नवरा सोबत जाणार आहे. प्रश्न तिने आधी मराठीत लिहून काढले आहेत, इंग्रजी तो करून देणार आहे.