मुलगी मोठ्या कंपनीविरुद्ध मोहीम चालवते, यात करिअर आहे का?

पत्र : मॅडम, आम्ही भांडुपला राहतो. मुलगी बीएएमएमसीच्या, म्हणजे मास मीडियाच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत तिने मॉलमधल्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात पार्टटाइम काम केलं. देशभर शाखा असलेली कंपनी आहे. तिथल्या मुलींना दिवसभर बसू देत नाहीत, स्टूलसुद्धा ठेवत नाहीत. हिने इन्स्टाग्रामवर पेज काढलं आणि ऑनलाइन सह्यांची मोहीम सुरू केली. हजारो सह्या झाल्या. कंपनीने एकदा ‘आम्ही दखल घेतली आहे’ असं उत्तर दिलं, पुढे काही हललं नाही. आता ती म्हणते, मला हेच काम करायचंय. तिचे बाबा एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात होते. टाळेबंदी झाली, नोकरी गेली, तेव्हापासून घरात युनियनचं नाव काढायची सोय नाही. ते म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. मला भीती वाटते पोलिसांची, आणि पुढे हिला कोणी नोकरीवर घेईल का याची. हे काम म्हणजे नोकरी असते का? की नुसतं रात्री दोनपर्यंत मोबाईलवर बोटं चालवणं? पेजची लिंक पाठवते आहे.

उत्तर : ताई, नमस्कार.

लिंक पाठवलीत ते बरं केलंत, नाहीतर मी अंदाजपंचे लिहिलं असतं. सगळी रील्स पाहिली. एक तर पुन्हा पाहिलं. स्टॉकरूममध्ये एक मुलगी दुमडलेल्या खोक्यावर टेकली आहे, सँडल बाजूला काढून ठेवल्या आहेत आणि सुजलेल्या पावलांवर पट्ट्यांचे वळ उठले आहेत. कोणी बोलत नाही. दारापलीकडून ‘एकावर एक फ्री’ची घोषणा तेवढी ऐकू येते. पोरीला नजर आहे.

पण दुसऱ्या एका रीलने मी दचकले. बोलणाऱ्या मुलीचा चेहरा धूसर केलाय, आवाज बदललाय, आणि मागे ट्रायल रूमच्या आरशात तिच्या छातीवरचा बिल्ला दिसतोय. अक्षरं उलटी आहेत, तरी नाव लागतं. मला लागलं तर स्टोअर मॅनेजरला लागणारच. तुम्हाला तुमच्या मुलीची काळजी वाटते हे रास्त आहे, पण आज खरी जोखीम त्या बिल्लेवालीच्या डोक्यावर आहे. तुमची लेक काम सोडून कॉलेजात परतली. त्या मुलीचं घर कदाचित त्याच पगारावर चालत असेल. ते रील आधी उतरवायला सांगा, मग पुढचं वाचा.

आता तुमचा प्रश्न. हो, ही नोकरी असते. कामगार संघटना, कामगारांसाठी काम करणाऱ्या संस्था, कंपन्यांच्या कारभारावर लक्ष ठेवणारे अभ्यासगट अशा ठिकाणी कॅम्पेनर, संशोधक, संघटक अशी पगारी पदं असतात. पगार जाहिरात एजन्सीपेक्षा सहसा कमी. बरीच कामं प्रकल्पापुरती, वर्षाच्या करारावर. अनुदान थांबलं की पद संपतं, आणि परदेशी देणग्यांचे नियम कडक झाल्यापासून अनेक संस्थांचा हात आखडला आहे. हे मी गोड करून सांगणार नाही. फक्त रील्स काढून आणि सह्या जमवून या क्षेत्रात पोट भरणारी माणसं तर फारच थोडी, कारण तेवढं आज कुठल्याही एजन्सीतला पोरगा करतो. पैसे आणि मान मिळतो तो त्याच्या मागच्या कामाला.

मागचं काम म्हणजे काय, ते एका गाजलेल्या प्रकरणावरून सांगते. तुमच्या मुलीला ते नक्की ठाऊक असणार. जुलै 2015 च्या अखेरीस सोफिया अश्रफ या चेन्नईच्या रॅपरचा एक व्हिडिओ आला. विषय होता कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातला पारा. कारखाना हिंदुस्थान युनिलिव्हरचा, म्हणजे मुख्यालय आपल्या अंधेरीत, चकाल्याला. बघता बघता लाखो लोकांनी तो पाहिला, ‘झटका’ या संस्थेने जोडीला सह्यांची मोहीम चालवली, आणि युनिलिव्हरचे जागतिक प्रमुख पॉल पोलमन यांना ट्विटरवर बोलावं लागलं. मार्च 2016 मध्ये कंपनीने 591 माजी कामगारांशी समझोता केला. सात-आठ महिन्यांत एवढी मोठी कंपनी नमली! कॉलेजच्या कार्यशाळांमध्ये ही गोष्ट इथेच संपते.

तिची सुरुवात मात्र 2001 ची आहे. त्या वर्षी गावातल्या भंगाराच्या आवारात पाऱ्याने दूषित झालेली काच सापडली, लोक रस्त्यावर उतरले आणि कारखाना बंद झाला. 2006 मध्ये माजी कामगारांची संघटना मद्रास उच्च न्यायालयात गेली. कामगारांच्या आजारांचा पाऱ्याशी संबंध नाही, असं कंपनी सतत म्हणत राहिली. समझोताही आपण मानवतेच्या भूमिकेतून केला, असंच तिने सांगितलं. म्हणजे व्हिडिओ आला तेव्हा एक संघटना उभी होती, एक खटला चालू होता आणि मागणी काय आहे हे कागदावर होतं. व्हिडिओने कंपनीला घाई करायला लावली. समझोता झाला तो कामगारांच्या संघटनेशी. ना गायिकेशी, ना सह्या करणाऱ्यांशी. तुमच्या मुलीच्या मोहिमेत हजारो सह्या आहेत, पण उद्या कंपनीने ‘या, बसू, बोलू’ म्हटलं तर टेबलापलीकडे कोण बसणार? मी पेजवर शोधलं. मला कोणी दिसलं नाही.

बांगलादेशातही हेच झालं. 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत कोसळून 1,100 हून जास्त माणसं गेली. जगभरातून ऑनलाइन दबाव आला आणि बड्या कपडे-ब्रँडनी सुरक्षिततेचा करार केला. तो कायद्याने बांधील राहिला, कारण त्यावर समोरून इंडस्ट्रिऑल आणि युनी या जागतिक कामगार महासंघांच्या सह्या होत्या. पुढे बेनेटन या कपडे-ब्रँडने मृतांच्या कुटुंबांसाठीच्या निधीत 11 लाख डॉलर भरले, ते दहा लाख लोकांच्या ऑनलाइन अर्जानंतर. तेव्हा सह्यांना काही अर्थ नाही असं मी म्हणत नाही.

आणि आपण मुंबईकरांनी तर तसं म्हणूच नये. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि 5,500 कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. मागण्यांमध्ये रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती. हाताशी ‘दीनबंधू’ हे वर्तमानपत्र होतं, आजच्या भाषेत त्यांचं पेज म्हणा. रविवारची सुट्टी मिळाली जून 1890 मध्ये, त्याआधी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा झाली तेव्हा. त्या सभेत बायकाही बोलल्या होत्या. अर्जावरच्या सह्या कोणाच्या होत्या बघा : ज्यांना सुट्टी हवी होती त्यांच्याच.

म्हणून मुलीला माझं पहिलं काम. त्या दुकानातल्या मुलींच्या पेस्लिपवर कोणाचं नाव आहे ते तिने पाहावं. बहुतेक वेळा तिथे ब्रँडचं नाव नसतं, कुठल्यातरी मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं असतं. पीएफ, ईएसआय एजन्सीकडून, गणवेश ब्रँडचा. मग कंपनी म्हणते, या आमच्या कर्मचारी नाहीत. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत प्रमुख नियोक्त्यावरही, म्हणजे ज्या कंपनीसाठी काम होतं तिच्यावरही, काही जबाबदाऱ्या असतात, त्या कुठल्या आणि कुठवर, हे कळल्याशिवाय मोहिमेचा नेम लागणार नाही. दुसरं काम : बसण्याच्या हक्काचा कायदा वाचणं. 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 44 नुसार उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय ठेवायची होती, पण ते कारखान्यांपुरतं. दुकानांसाठी केरळने 2018 मध्ये कायदा बदलला. त्यामागे कोळिकोडच्या कापडदुकानांत काम करणाऱ्या बायकांची अनेक वर्षांची लढाई होती. तामिळनाडूने 2021 मध्ये तेच केलं. नव्या कामगार संहितांमध्ये काय आलंय आणि आपल्या राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात काय आहे, हे तिने मूळ मजकुरातून काढावं, कोणाच्या रीलमधून नको.

तिसरी गोष्ट मोहिमा चालवणाऱ्यांपैकीही फार जण करत नाहीत. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल आणि बाजारमूल्यात पहिल्या हजारांत असेल, तर 2022-23 पासून तिला शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमाने दरवर्षी सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. त्याला बीआरएसआर म्हणतात. कायम कर्मचारी किती, बिगर-कायम किती, त्यात बायका किती, किमान वेतनाएवढंच किती जणांना मिळतं, कामाच्या परिस्थितीबद्दल तक्रारी किती आल्या, सगळं कोष्टकात असतं. तक्रारींच्या रकान्यात शून्य असेल तर त्या एका शून्यावर उत्तम रील होईल. शिवाय एक शेअर विकत घेतला तरी वार्षिक सभेत प्रश्न विचारता येतो. आजकाल बऱ्याच सभा व्हिडिओवर होतात, आधी नाव नोंदवावं लागतं इतकंच. कंपनीला इन्स्टाग्रामवर गप्प बसता येतं, भागधारकासमोर अवघड जातं.

हे सगळं शिकायचं कुठे? लोखंड्यांच्याच नावाची सरकारी संस्था परळला आहे, नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रमविज्ञान संस्था. पूर्वीची बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट, 1947 ची. पदवीनंतर तिथे कामगार अभ्यासाचे अभ्यासक्रम आहेत. भांडुपहून दादरला उतरून जाता येतं, फी सरकारी संस्थेची आहे, आणि तरी मुलांना ती माहीत नसते याचं मला नेहमी नवल वाटतं. देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत व्यवस्थापन आणि श्रम अभ्यासाचं स्वतंत्र स्कूल आहे. तिथे स्पर्धा तगडी, आणि प्रवेशाचे नियम बदलत असतात, तेव्हा संस्थेच्या संकेतस्थळावरचंच खरं माना. तिसरी वाट तीन वर्षांच्या एलएलबीची, राज्याची सीईटी देऊन. माझं मत विचाराल तर तुमच्या मुलीसाठी हीच. दृश्य माध्यम तिला येतं, त्यात कामगार कायदा मिळवला की अशी माणसं मुंबईत हाताच्या बोटांवर मोजावी लागतील. शिवाय वकिलीची सनद कुठल्याही संस्थेच्या अनुदानावर अवलंबून नसते.

‘पुढे कोणी घेईल का’ याचं उत्तर दोन तुकड्यांत. काही कंपन्या उमेदवाराचं सोशल मीडिया पाहतात, आणि हे पेज बघून तिला नाकारणाऱ्याही निघतील. ते खरं आहे. पण श्रम अभ्यास शिकलेली कितीतरी मुलं शेवटी कंपन्यांच्या एचआर विभागातच जातात, आणि कामगाराची बाजू ठाऊक असलेला माणूस तिथे लागतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंना याच पदव्या बसलेल्या असतात. उद्या मन बदललं तर वर्षं फुकट जाणार नाहीत.

पोलिसांची भीती कुठून आली ते मी समजू शकते. 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, तेव्हा आपल्याकडच्या सगळ्या आयांनी मुलांचे मोबाईल तपासले असतील. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या 66 अ कलमाचा तेव्हा वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं. बदनामीचा गुन्हा मात्र आजही आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये, आणि कंपन्या कोट्यवधींचे दिवाणी दावेही लावतात. टाटा सन्सने ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेच्या एका ऑनलाइन खेळावर दहा कोटींचा दावा लावला होता. 2011 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या खेळावर अंतरिम बंदी घालायला नकार दिला, पण वकील उभा करावा लागलाच. तुमच्या मुलीने एका कॅप्शनमध्ये ‘गुलामगिरी’ आणि दुसरीत ‘गुंड मॅनेजमेंट’ लिहिलंय. याची काही गरज नाही. ‘या दुकानात अमुक तारखेला अमुक तास बसायला दिलं नाही’ हे पुराव्यासकट लिहावं. ते जास्त झोंबतं आणि कोर्टातही टिकतं. कंपनीचा लोगो मोडून-तोडून वापरलाय, तोही काढावा.

राहिले तिचे बाबा. त्यांचा राग मला अजिबात अनाठायी वाटत नाही. एलबीएस मार्गावर जिथे भोंगे वाजायचे तिथे आज टॉवर आणि मॉल आहेत, आणि दरम्यान कोणाकोणाला काय मिळालं हे त्यांनी जवळून पाहिलंय. पण ताई, या घरात मागणीपत्र कसं लिहितात, गेट मीटिंगला माणसं कशी जमतात आणि तडजोडीत माणूस कुठे फसतो हे ठाऊक असलेली एकच व्यक्ती आहे. मुलीला ‘युनियन करू दे का’ असं विचारायला लावू नका. ‘तुमच्या वेळी नेमकं कुठे चुकलं’ एवढंच तिने विचारावं. बोलले तर बोलले.

बँकेच्या परीक्षेवरून घरात भांडण करू नका. आयबीपीएसची पीओची वयोमर्यादा तिशीपर्यंत आहे, क्लार्कची अठ्ठावीसपर्यंत. मुलगी शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे तिच्याकडे वेळ आहे. निकाल लागल्यावर एक वर्ष तिला द्या. त्यात लॉ सीईटी द्यावी आणि सोबत मुंबईतल्या असंघटित कामगारांसोबत काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत किंवा कामगार संघटनेच्या कार्यालयात रोज जावं. ‘युवा’ ही संस्था 1984 पासून मुंबईत आहे, तिथे विचारता येईल. तिथे बहुधा तिला रील कोणी काढू देणार नाही, फॉर्म भरायला, नोंदी करायला आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात तारखेला जाऊन बसायला लावतील. सहा महिन्यांनी तिला त्याचा कंटाळा आलेला नसेल, तर मला पुन्हा लिहा, आपण कॉलेजांची यादी करू. आला असेल तर आयबीपीएसचा फॉर्म भरा.