वळताना गाडी कुरकुरते. रॅक बदलायलाच हवा का?

प्रश्न : मिस्त्रीकाका, मी शाळेत शिकवते, राहायला जुळे सोलापूरला. माझी छोटी पेट्रोल गाडी २०१४ची आहे, इलेक्ट्रिक स्टिअरिंगची. पावसाळा संपल्यापासून गेटमधून गाडी वळवून काढताना डाव्या पुढच्या चाकाकडून ‘कर्रर्र’ आवाज येतो, मधूनच ‘टण्ण’ असंही वाजतं. जागेवर उभी असताना स्टिअरिंग फिरवलं तरी तेच. सरळ रस्त्याला काही नाही. एका गॅरेजात खालून स्प्रे मारून दिला, आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा सुरू. दुसरे म्हणतात, अख्खा स्टिअरिंग रॅक बदला. आकडा ऐकूनच धडकी भरली. सासूबाईंना दर महिन्याला अक्कलकोटला न्यावं लागतं. गाडी नेऊ का?

– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, रॅकला, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्याला, सध्या कुणाला हात लावू देऊ नका. रॅक खराब झाला की खडबडीत रस्त्याला ‘खट-खट’ वाजतं, स्टिअरिंगमध्ये ढिलाई जाणवते. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. तुम्ही ‘टण्ण’ लिहिलंत, ते फार कामाचं आहे. माझा संशय डाव्या शॉकअपच्या डोक्यावरच्या बेअरिंगवर आहे. त्याला स्ट्रट माउंट बेअरिंग म्हणतात. तुम्ही स्टिअरिंग फिरवता तेव्हा शॉकअप आणि त्याची स्प्रिंग दोन्ही या बेअरिंगवर फिरतात. धूळ-पाणी जाऊन ते जाम झालं, की स्प्रिंगचं वरचं टोक अडकतं, खालचं फिरत राहतं. स्प्रिंगला पीळ बसतो आणि सहन होईनासा झाला की ती एकदम सुटते. तोच तुमचा ‘टण्ण’.

खात्री घरीच करता येते. गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा. घरातल्या कुणाला तरी स्टिअरिंग सावकाश पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवायला सांगा. इंजिन बंद असल्यानं ते जड लागेल, लागू द्या. तुम्ही चाकाच्या वरच्या पोकळीतून स्प्रिंगच्या बाहेरच्या बाजूला तळहात टेकवा. वेटोळ्यांच्या मध्ये बोटं अजिबात घालू नका. स्प्रिंग संथ फिरली तर बेअरिंग चांगलं. आधी अडून मग हाताला हिसका बसला, तर चोर सापडला.

हिसका नाही, पण कर्रर्र आहे, तर लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या, टोकाचा बॉल जॉइंट (गोळीचा सांधा) बघा. आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात तिथं थापला जातो आणि वाळून टणक होतो. तो खरवडून काढल्यावर सांध्यावरचं रबरी टोपण, म्हणजे बूट, दिसतो. बूट फाटलेला असेल तर आतलं ग्रीस गेलेलं असतं, त्या जागी माती शिरलेली असते, आणि लोखंड लोखंडावर घासतं. मेकॅनिककडून गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, चाक वर-खाली धरून हलवून बघा. लोअर आर्म पहारीनं उचलूनही बघायला सांगा. जरासुद्धा प्ले, म्हणजे ढिलेपणा, दिसला तर गाडी तिथंच थांबवा. बॉल जॉइंट निसटला की चाक आडवं होतं, आणि ते चालत्या गाडीत होतं. या एका पार्टबाबत मी कुणालाही ‘चालवून बघा’ म्हणत नाही.

आवाज पायापाशी, केबिनच्या आतून येत असेल, तर स्टिअरिंगचा दांडा जिथून पत्र्याबाहेर जातो तिथलं रबरी सील कोरडं पडलंय. थोडं सिलिकॉन ग्रीस लावा, झालं काम. गाडी चालती असताना पूर्ण वळणावर ‘कट-कट-कट’ येतं ते एक्सलच्या, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याच्या, सीव्ही जॉइंटचं. उभ्या गाडीत ते येत नाही, म्हणून तुमच्याकडे तो नव्हे.

स्प्रेचं सांगतो. तो पातळ असतो. चार दिवस आवाज दाबतो आणि जॉइंटमध्ये उरलंसुरलं ग्रीस धुऊन नेतो. वर मालकाला वाटतं, दुरुस्त झालं. आवाज बंद झाला म्हणजे दोष गेला असं नव्हे. हे गॅरेजवाल्यांनीच गिऱ्हाइकाला सांगायला पाहिजे, याचा मला खरोखर राग येतो.

बेअरिंगच निघालं, तर दोन्ही बाजूंची एकदम बदला, सोबत माउंटचं रबरही तपासून घ्या. काम अशाच ठिकाणी द्या जिथं स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर आहे. स्प्रिंग न दाबता वरचा नट खोलला तर ती सुटून माणसाचा जीव घेऊ शकते. नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या आणि जुने पार्ट परत मागा. बेअरिंग बोटांनी फिरवून बघा, खरखर हाताला कळेल. हा सगळा खर्च रॅकच्या मानानं फार थोडा आहे.

अक्कलकोटचं म्हणाल, तर आधी बॉल जॉइंट बघून घ्या. बूट शाबूत आणि प्ले नाही, तर सासूबाईंना खुशाल घेऊन जा, बेअरिंगचं काम आल्यावर करा. प्ले असेल तर या महिन्यात एसटीनं जा.

प्रश्न : माझी जुनी डिझेल मालवाहू गाडी सकाळी सुरू करून जागेवर वळवली की ‘चिईंऽऽ’ ओरडते. तासाभरानं बंद होते. काय असेल?

– एक वाचक, मोहोळ

उत्तर : दादा, तुमचं स्टिअरिंग तेलावर चालणारं असेल, तर पंपाचा पट्टा घसरतोय. पूर्ण वळणावर पंपावर सर्वांत जास्त जोर येतो, तेव्हाच ढिला पट्टा ओरडतो. इंजिन बंद करून स्टिअरिंग फिरवा. आवाज गेला तर बहुधा पट्टाच. तो चकाकत असेल किंवा त्याला चिरा असतील तर बदला, नाहीतर ताण नीट करून घ्या. तेलाची पातळी बघा, कमी असेल तर गळती शोधा. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून तसंच धरून ठेवू नका, पंप तापतो.