घरी काँक्रीटचं सिंक ओततोय. साच्यातून काढताना कोपरे तुटू नयेत म्हणून काय करावं?

कोपरे बहुतेक वेळा आतल्या ठोकळ्यापायी जातात, म्हणजे सिंकचा खोलगट भाग घडवायला साच्यात ठेवतात त्या ठोकळ्यापायी. काँक्रीट आकसतं आणि त्याला घट्ट धरून बसतं. म्हणून ठोकळ्याच्या बाजू सरळ उभ्या नकोत, जराशा निमुळत्या हव्यात. कडांना सिलिकॉनची गोलाई द्या, वर तेलाचा हलका हात फिरवा. मिश्रणात पाणी बेताचंच. सैल माल ओतायला सोपा, पण तोच पुढे तडकतो. साचा बाहेरून ठोकत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत. निदान 48 तास हात लावू नका, मग आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा.

सीलर, म्हणजे वरून लावायचा संरक्षक लेप, हवाच, नाहीतर लिंबू-व्हिनेगर पृष्ठभाग खातं. आणि हो, काँक्रीटचं वजन घनमीटरला सुमारे 2400 किलो. खालचा स्टँड तसाच दणकट करा.