वाचकांचे प्रश्न : पालकसभा आणि कापसाची वेचणी

प्रश्न : आमच्या गावातील जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत पालक-शिक्षक संघाचे उपाध्यक्षपद या वर्षी माझ्याकडे आले आहे. सभेची सूचना मुलांच्या वहीत लिहून दिली जाते, तरीही दुपारी दोनच्या सभेला पाच-सहा पालकच येतात आणि नंतर नोंदवही घरोघरी पाठवून सह्या घेतल्या जातात. पालकांना आस्था नाही असे शिक्षक म्हणतात. सभेत फक्त वर्गणी मागतात असे पालक म्हणतात. सभा कशी भरवावी आणि शाळेसाठी पैसा जमवायचा झाल्यास हिशेब कोणी ठेवावा?
— एक पालक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आधी सभेला नसलेल्या माणसाची सही घेणे बंद करा, मग नोंदवहीत सहाच सह्या राहिल्या तरी चालेल. वही घरी येते म्हटल्यावर सभेला येण्याचे कारण उरत नाही, आणि उद्या एखाद्या खर्चावरून वाद झाला तर ज्याने ठराव ऐकलाही नाही त्याची संमती कागदावर सापडते.

दुपारी दोनची वेळ शाळेच्या सोयीची आहे, गावाच्या नव्हे. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा पेरणीची धांदल असते; पुढे निंदण-डवरण, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी आणि दिवाळीपासून कापसाची वेचणी, असे हे चक्र हिवाळा सरेपर्यंत थांबत नाही. वेचणीची मजुरी किलोवर मिळत असल्यामुळे जी बाई दुपारी वावरातून उठून शाळेत येते तिची त्या दिवसाची अर्धी कमाई बुडते, आणि तिच्या न येण्याला अनास्था म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आठवडी बाजाराच्या दिवशी अनेक गावांत मजूर कामावर जात नाहीत. त्या दिवशी सकाळी, शाळा भरण्याआधी, तासाभराची सभा घेऊन पाहा. बाजाराच्या दिवसाची संध्याकाळ मात्र टाळावी. त्याची कारणे गावात राहणाऱ्याला सांगण्याची गरज नाही. एरवी दिवेलागणीनंतरची वेळ पालकांना सोयीची असते, परंतु तालुक्याहून अप-डाऊन करणाऱ्या शिक्षकांना ती जड जाते, म्हणून अशा सभा वर्षातून एक-दोनच ठेवाव्यात आणि त्यांची तारीख शिक्षकांशी आधी बोलून ठरवावी. सूचना मुलाच्या वहीत लिहिण्यासोबत ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून आदल्या संध्याकाळी दिली, तर ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंतही ती पोहोचते.

पहिल्या दोन सभांत वर्गणीचा विषयच घेऊ नका. प्रत्येक पालकाच्या हातात त्याच्या मुलाची वही द्या आणि वर्गशिक्षकांना त्या एका मुलाविषयी दोन वाक्ये बोलू द्या. मूल कोणत्या विषयात मागे आहे, ते कापसाच्या दिवसांत किती वेळा गैरहजर राहते, पोषण आहाराची खिचडी त्याला आवडते का, हे बोलणे झाले की पालक पुढच्या सभेला स्वतःहून येतात. आहाराची चव पाहण्यासाठी आठवड्यातून एकदा दोन मातांना बोलवावे आणि त्यांचा अभिप्राय त्यांच्याच शब्दांत नोंदवावा. ‘आहार उत्तम’ हा रोजचा शेरा कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

आता पैशाविषयी. पालक-शिक्षक संघ आणि शाळा व्यवस्थापन समिती यांची गल्लत बहुतेक गावांत होते. समिती ही शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात, आणि शासकीय अनुदानाचा खर्च कसा होतो यावर लक्ष ठेवणे हे तिचे काम आहे. संघाने स्वतंत्र तिजोरी उघडू नये. जमलेली रक्कम समितीच्या बँक खात्यात भरावी, देणाऱ्याला पावती द्यावी आणि जमाखर्चाचा कागद दर तीन महिन्यांनी शाळेच्या फलकावर लावावा. मुख्याध्यापक कितीही सज्जन असले तरी रोख रक्कम त्यांच्या खिशात राहू नये, आणि ती तुमच्याही खिशात नको.

लोकवर्गणी काढण्याआधी समग्र शिक्षा योजनेतून शाळेला मिळणाऱ्या एकत्रित अनुदानाचे काय झाले ते विचारा. हे अनुदान पटसंख्येवर ठरते आणि त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेसाठी असते. पुष्कळदा ज्या नळासाठी वर्गणी मागितली जाते त्याची तरतूद तिथेच निघते. शिवाय कलम २२ नुसार समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो. केंद्राच्या २०१० च्या आदर्श नियमांनुसार तो आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर, तयार व्हायला हवा. तेव्हा वेचणी ऐन भरात असते, त्यामुळे आराखड्याची चर्चा पोळ्यानंतर लगेच सुरू केलेली बरी.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात शिक्षक आहे. पालक सभेला येतात, पण कोणीच बोलत नाही. माता तर दाराजवळ बसून परत जातात. काय करावे?

उत्तर : सभा ज्या मराठीत चालते ती तेथील अनेक घरांत बोलली जात नाही, हे लक्षात घ्यावे. गोंडी आणि मराठी दोन्ही येणाऱ्या एखाद्या मातेला किंवा माजी विद्यार्थ्याला शेजारी बसवा आणि प्रत्येक मुद्दा दोन्ही भाषांत होऊ द्या. सभा लांबली तरी हरकत नाही. एकच मोठी सभा घेण्यापेक्षा टोल्याटोल्यात, म्हणजे वस्तीवस्तीवर, जाऊन अंगणात बसणे अधिक फलदायी ठरते, कारण शाळेच्या खुर्च्या-टेबलांसमोर गप्प राहणारी बाई स्वतःच्या अंगणात मोकळेपणाने बोलते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी घरची माणसे पहाटेच रानात जातात आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो; वार्षिक परीक्षेआधीची महत्त्वाची बैठक म्हणून फेब्रुवारीतच उरकावी.

प्रश्न : माझी मुलगी अनुदानित शाळेत सातवीत शिकते. संघाची वर्गणी न दिल्यास दाखला मिळणार नाही, असे सांगितले जाते. हे योग्य आहे का? — एक माता, जि. वाशीम

उत्तर : नाही. आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण करण्यात अडथळा ठरेल असे कोणतेही शुल्क अशा शाळेतील मुलाकडून घेता येत नाही, आणि शाळा बदलताना दाखला देण्यास विलंब करणारे मुख्याध्यापक शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ५ नुसार शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतात. मागणी लेखी द्या अशी विनंती प्रथम शाळेला करावी. बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो. न मिटल्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी.