उत्तर आलं नाही म्हणजे नकार आला असं नव्हे

अगं, तुझा मेल वाचून आधी चिडलोच. तुझ्यावर नाही, तू सोबत जोडलेल्या त्या कॅच ब्लॉकवर, म्हणजे काही अडलं की चालणाऱ्या कोडवर. पेमेंट गेटवेला (ग्राहकाचं पेमेंट बँकेपर्यंत नेणाऱ्या सेवेला) विनंती पाठवायची, तीस सेकंदांत उत्तर आलं नाही की एक्सेप्शन पकडायचं आणि ऑर्डरपुढे 'फेल्ड' लिहून मोकळं व्हायचं. ग्राहकाने 'फेल्ड' वाचलं, पुन्हा बटण दाबलं, दोनदा पैसे गेले. आणि तू मला विचारतेस, गेटवे बदलू का? खुशाल बदल. नव्या गेटवेवरही हेच होणार.

उत्तर आलं नाही म्हणजे नकार आला असं नव्हे. हे एवढं डोक्यात बसलं तर बाकीचं तुझं तुला सुचेल.

विनंतीची वाट बघ. तुझ्या सर्व्हरवरून ती गेटवेकडे, तिथून व्यापाऱ्याच्या बँकेच्या प्रोसेसरकडे, पुढे कार्ड नेटवर्कवर आणि शेवटी ज्या बँकेने कार्ड दिलं तिच्याकडे जाते. ती बँक शिल्लक बघते, फसवणुकीचा संशय तपासते, हो किंवा नाही म्हणते, आणि ते उत्तर त्याच वाटेने मागे येतं. जाताना चार टप्पे, येताना चार. परतीच्या शेवटच्या टप्प्यावर जोडणी तुटली तर बँकेने 'हो' म्हणून झालेलं असतं, फक्त ते तुझ्यापर्यंत पोचलेलं नसतं. तीस सेकंद ही मुदत तू ठरवलीस, बँकेला तिचा पत्ताही नाही.

बँकवाल्यांनी ही गोष्ट केव्हाच गृहीत धरली. कार्डव्यवहारांच्या संदेशांचं आयएसओ 8583 हे मानक 1987 मधलं. त्यात मंजुरीची विनंती 0100, तिचं उत्तर 0110. हे 0110 वेळेत आलंच नाही, तर व्यापाऱ्याच्या बाजूची यंत्रणा गप्प बसत नाही. ती 0420 पाठवते, म्हणजे 'तो व्यवहार तुमच्याकडे झाला असेल तर उलटवा'. त्याचीही पोच आली नाही तर तोच मजकूर पुन्हा जातो, पण 0421 म्हणून. शेवटचा एक अंक सांगतो की हे नवं नाही, आधीचंच परत पाठवतोय. इतक्या जुन्या मानकात 'मला कळलेलं नाही' याला जागा आहे, आणि तुझ्या टेबलात नाही!

तुझ्याकडे त्या शेवटच्या अंकाचं काम आयडेम्पोटन्सी की करते, म्हणजे विनंतीसोबत पाठवायची एक ओळखखूण. एकाच कीने दोनदा विनंती गेली तरी गेटवे पैसे एकदाच घेतो, दुसऱ्यांदा पहिलंच उत्तर देतो. हे तुला माहीत आहे, तू मेलमध्ये लिहिलंही आहेस. पण की बनवतेस कुठे? तुझा कोड पुन्हा बघ. रिट्रायच्या, म्हणजे पुन्हा प्रयत्न करणाऱ्या, फंक्शनच्या आत. म्हणजे प्रत्येक प्रयत्नाला नवी की, आणि गेटवेच्या दृष्टीने प्रत्येक वेळी नवं पेमेंट. इथेच बहुतेकजण माती खातात. आधी डेटाबेसमध्ये पेमेंटच्या प्रयत्नाची ओळ टाक, त्या ओळीत की, स्थिती 'पेंडिंग'. कमिट कर, म्हणजे ती ओळ पक्की साठव. मगच नेटवर्कला हात लाव. मध्येच सर्व्हर मेला तरी ती ओळ शिल्लक राहते आणि तीच की घेऊन नंतर विचारता येतं. बँकेने स्पष्ट नाही म्हटलं (51 म्हणजे शिल्लक कमी, 54 म्हणजे कार्डाची मुदत संपली) तर तो नकार. तेव्हा ग्राहकाला सांग, पुढच्या प्रयत्नाला नवी की दे. उत्तरच आलं नसेल तर जुनीच.

वेबहुकवर, म्हणजे गेटवे स्वतःहून तुझ्या सर्व्हरला पाठवतो त्या निरोपावर, सगळं सोडू नकोस. तो दोनदा येतो, उलट्या क्रमाने येतो, कधी तुझ्या एपीआय कॉलचं उत्तर यायच्या आधी येतो. निरोप खरंच गेटवेचा आहे हे सांगणारी सही तपासताना बॉडी (निरोपाचा मजकूर) जशी आली तशीच वापर. जेसन पार्स करून पुन्हा स्ट्रिंग बनवलीस तर एखादी मोकळी जागा बदलते आणि सही जुळत नाही. मग कोणीतरी वैतागून तपासणीच बंद करतो. पाहिलंय मी. आणि वेबहुक आला नाही, तर? पुन्हा तेच. न येणं हा नकार नाही. ठरावीक वेळाने पेंडिंग ओळी उचलायच्या आणि गेटवेला स्थिती विचारायची, उत्तर मिळेपर्यंत.

ग्राहक 'पैसे कापले' म्हणतो तेव्हाही घाई करू नकोस. मंजुरीने रक्कम फक्त अडते, कॅप्चर केल्यावर ती घेतली जाते, आणि व्यापाऱ्याच्या खात्यात सेटलमेंटनंतर, म्हणजे बँकांचा आपसातला हिशेब मिटल्यावर, येते. कॅप्चर झालंच नसेल तर व्हॉइड कर (मंजुरीच रद्द कर), झालं असेल तर रिफंड. काहीच केलं नाहीस तर होल्ड (अडवलेली रक्कम) काही दिवसांनी आपोआप सुटतो, पण तोवर त्या माणसाचे पैसे अडकलेले असतात.

बाकी रक्कम पूर्णांकात ठेव (रुपयांऐवजी पैशांत), आणि सगळीकडे शंभराने गुणू नकोस: येनला दशांश नाहीत, कुवेती दिनारला तीन आहेत. कार्ड नंबर आपल्या सर्व्हरवर येऊच देऊ नकोस, टोकन (नंबराच्या जागी वापरायची खूण) घे. सीव्हीव्ही तर मंजुरीनंतर एन्क्रिप्ट करूनही साठवायचा नाही, पीसीआय डीएसएस या कार्डसुरक्षेच्या मानकात तसं स्पष्ट आहे. यावर वाद नको.

तुझे सीनियर म्हणतात, उत्तर न आलेल्या पेमेंटला 'अननोन' (माहीत नाही) असा स्टेटस डॅशबोर्डवर वाईट दिसतो. हेच शब्द मी एका जुन्या नोकरीत ऐकले होते. मी अडून बसलो, तो स्टेटस आणि रोजचं रिकन्सिलिएशन (हिशेबाची जुळवणी) असल्याशिवाय रिलीज नाही. लोक मला आडमुठा म्हणाले. त्या भांडणात एक चांगला सहकारी तुटला, तो पुन्हा बोलला नाही, त्याचं वाईट वाटतं. मुद्दा मात्र मी आजही सोडणार नाही. गेटवेची सेटलमेंटची फाइल एका बाजूला, आपलं टेबल दुसऱ्या बाजूला, ओळ न् ओळ जुळवायची. त्यांच्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही अशी ओळ निघाली की समज, कुणीतरी उत्तर न येण्याला नकार मानलंय. तू म्हणशील, मी माझंच जुनं भांडण तुझ्या तोंडून पुन्हा लढतोय. असेलही. पण ती जुळवणी आधी लाव, मग मला नावं ठेव.

आणि आजच एक कर. ती 'फेल्ड'ची पाटी काढ. तिथे लिही: 'पेमेंटची खात्री करत आहोत. कृपया पुन्हा पैसे भरू नका.' बटण बंद ठेव आणि सपोर्टच्या लोकांनाही हेच वाक्य दे, म्हणजे ते फोनवर 'परत करून बघा' म्हणणार नाहीत. प्रॉडक्टवाले म्हणतील, याने ग्राहक घाबरतो. म्हणू देत.